पाटीवरचा पाऊण तास

दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी लेकीचा फोन आला. ती आणि जावई विमानतळाच्या दाराशी उभे होते. वेळापत्रकवाले त्या वेळी एका गालाला साबण लावून आरशासमोर उभे होते.

"उतरलात? इतक्यात?" त्यांच्या आवाजात आनंदापेक्षा तक्रार जास्त होती.

शहरातल्या बस किती वाजता सुटायच्या आणि कधी पोहोचायच्या, हे आगारात बसून तेच ठरवत. म्हणून ते वेळापत्रकवाले. लग्नानंतर जावई पहिल्यांदाच घरी येत होता, तोही एका जेवणापुरता. तीन वाजता त्याच्या घरची गाडी दोघांना न्यायला येणार होती.

तिकीट लेकीने आधीच पाठवलं होतं. सुटणार साडेनऊला, पोहोचणार साडेअकराला. वेळापत्रकवाल्यांनी दोन विमानतळांमधलं अंतर काढलं, साडेचार हजार किलोमीटर. ताशी नऊशेने भागलं. पाच तास.

"दोन तासांत येतंय म्हणे," ते बायकोला म्हणाले होते. "विमान आहे की बंदुकीची गोळी? अडीचच्या आत चाक टेकत नाही."

"अहो, तिकडचं घड्याळ आपल्या तीन तास पुढे असतं, म्हणाली ना ती."

"छापलेल्या वेळेचं मला नको सांगूस. छापून घ्यायचं काम मीच करतो."

"मग विहीणबाईंनी गाडी तीनची कशी ठरवलीये?"

"त्यांचा हिशेब कच्चा आहे."

आता फोनवर लेक विचारत होती, "बाबा, निघालात ना?"

"निघतोच आहे."

"म्हणजे घरीच आहात. असू दे, समोर आपल्या बाजूची बस लागलीये. पाटीवर पाऊण तास लिहिलाय. आम्हीच येतो."

वेळापत्रकवाल्यांचा वस्तरा हवेतच राहिला. तो पाऊण तास त्यांचाच होता. मोठ्या साहेबांना पाऊण तास हवा होता, यांनी तो लिहून दिला. रस्त्यावर त्या बसला अडीच तास लागत. पुलाचं काम निघालं की त्याहून जास्त, आणि सध्या ते निघालेलंच होतं.

"टॅक्सी करायला सांगा," बायको कुजबुजली.

त्यांनी फोनवर हात ठेवला. "काय कारण सांगू? जावई शेजारी उभा आहे. सासरा पाट्यांवर थापा लिहितो म्हणून?"

"नका सांगू. बसू तीन वाजता रिकाम्या ताटांकडे बघत."

त्यांनी हात काढला. "बाळा, ऐक, टॅक्सी..."

पलीकडून जावयाचा उत्साही आवाज आला, "बाबांनी आखलेली बस ना? मग हिनेच जाऊ या."

"काय म्हणत होतात, बाबा?"

"काही नाही. खिडकीजवळ बसा."

दीड वाजता लेकीचा पुन्हा फोन आला. बस पुलाच्या अलीकडे उभी होती, तिच्या आधी सुटलेल्या बसच्या मागे. जावई खाली उतरून पाय मोकळे करत होता.

तीनला दहा कमी असताना दारात हॉर्न वाजला. विहीणबाईंची गाडी वेळेआधी आली होती. वेळापत्रकवाल्यांनी दार उघडलं. एका गालावरची दाढी अजून तशीच होती. आत चार ताटं मांडून ठेवलेली दिसत होती.

"मंडळी तयार आहेत का?" ड्रायव्हरने विचारलं.

"वाटेत आहेत."

"किती वेळ लागेल?"

वेळापत्रकवाल्यांनी रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. मग घड्याळाकडे.

"पाऊण तास," ते म्हणाले.