साळवेकाकांच्या दारात उभं राहू नये

आमच्या कॉलनीत साळवेकाकांच्या दारात कुणालाही उभं राहता येत नसे. तशी पाटीबिटी लावलेली नव्हती. पण उंबऱ्याशी थांबून "काका, पेपर झाला का वाचून?" एवढं विचारून होईपर्यंत तुमचा दंड त्यांच्या मुठीत गेलेला असे आणि तुम्ही त्यांच्या लोखंडी खुर्चीत बसलेले असायचात. "उभ्यानं नको. आत या. बसा. पाणी घ्या." हे सगळं ते एका दमात म्हणत. पाणी संपलं की चहा यायचा, आणि चहा संपला की "इतक्यात कुठं निघालात?"

यातून कुणाचीच सुटका नव्हती. पोस्टमन बिचारा त्यांची पत्रं आमच्याकडे टाकून जायचा, कारण तिथं गेला की पुढच्या तीन गल्ल्यांची डाक संध्याकाळी पोचायची. गॅसवाल्याला त्यांनी सिलिंडरसकट आत घेऊन बसवलं होतं. एकदा मागच्या चाळीतला एक गृहस्थ मोरीच्या पाण्यावरून भांडायला आला. अस्तन्या वर करूनच आला होता. त्याला बसवलं, पाणी दिलं, काकूंनी गरम कांदाभजी पुढं केली. तासाभरानं तो तोंड पुसत बाहेर पडला आणि फाटकाशी पोचल्यावर त्याला आठवलं की आपण भांडायला आलो होतो. परत जायची त्याची हिंमत झाली नाही. गेला असता तर जेवूनच सुटला असता.

आता गंमत बघा. हाच माणूस दुसऱ्याच्या घरी गेला की दारातच उभा. माझ्या मुलीच्या बारशाला आले, तर हातात झबल्याची पुडी घेऊन पायरीवर. मी म्हटलं या, हिनं म्हटलं या. हलले नाहीत. शेवटी आतून माझी आई म्हणाली, "अहो साळवे, या की आत," तेव्हा कुठं चपला काढल्या. मी म्हटलं, असतो एखाद्याचा विक्षिप्तपणा. जन्मभर कारखान्यात फिटर म्हणून काम केलेला माणूस, त्याचा एखादा नट उलटा बसलेला असायचाच.

निवृत्तीनंतर दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा गळून पडला. अर्धांगवायूचा झटका. जिवावरचं निभावलं, पण उजवा हात लुळा पडला, पाय फरफटू लागला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. शब्द गरम बटाट्याच्या फोडीसारखे तोंडातल्या तोंडात फिरायचे. हे सगळं आम्ही समजू शकत होतो. कॉलनीला खरा धक्का बसला तो त्यांचं दार बंद झालं याचा. पोस्टमन आता निर्धास्तपणे फटीतून पत्रं सरकवून जाऊ लागला आणि मला म्हणाला, "साहेब, करमत नाही हो."

काकू एकदा नळावर भेटल्या. "बोलतच नाहीत, भाऊ. म्हणतात, या तोंडानं कुणाला 'या' म्हणू? डॉक्टर म्हणतात, असे मुके राहिले तर आहेत ते शब्दही जातील." मग म्हणाल्या, "मैदानावर घरांचं प्रदर्शन लागलंय ना? मला बघायचंय असं तुम्ही त्यांना सांगा. माझ्यासाठी येतील."

आणि खरंच आले. कोपरीवर स्वेटर, गळ्यात मफलर, डाव्या हातात काठी. काकूंच्या खांद्याला पाण्याची बाटली. थंडीतलं कोवळं ऊन होतं आणि सगळं मैदान नव्या रंगाच्या वासानं भरलेलं होतं. कुठं फरशा, कुठं चकचकीत नळ, कुठं मिक्सरमधून निघणारी फुकटची चटणी. एका मंचावर लाल मखमलीवर कमोड ठेवला होता आणि त्याला झेंडूची माळ घातली होती. लोक त्याच्यासमोरून अदबीनं पुढं सरकत होते. काका बराच वेळ बघत राहिले, आणि त्यांच्या तोंडाची जी बाजू हसू शकत होती ती हसली. काकूंनी मला हळूच कोपर मारलं.

सगळ्यात शेवटी इंदिरानगरात बांधायच्या एका सोसायटीचा नमुन्याचा फ्लॅट होता. प्लायच्या भिंती आणि वर छताऐवजी मांडवाचं पिवळं कापड. त्यातून गाळून आलेलं ऊन सोफ्यावर, मेणाच्या सफरचंदांवर, काचेच्या पेल्यांवर पसरलं होतं. खिडकीबाहेर चितारलेली टेकडी आणि तिच्यावर कधीच न मावळणारा सूर्य. बाहेरचा कर्णासुद्धा तिथं लांबून कुठूनतरी आल्यासारखा ऐकू यायचा. स्वप्नात आपण एखाद्या घरात शिरतो आणि ते आपलंच असतं, तसं काहीतरी मला तिथं वाटलं. कंपनीचा माणूस जेवायला गेला होता. काकांचा पाय दमला होता, म्हणून आम्ही त्यांना सोफ्यावर बसवलं.

तेवढ्यात दारात एक जोडपं येऊन थांबलं. हरसूलकडच्या खेड्यातलं असावं. त्याच्या खांद्यावर घोंगडी, तिच्या पायाला धूळ. दोघं उंबऱ्याबाहेरून माना लांब करून आत बघत होते. मागं आणखी माणसं खोळंबली.

"चल की आत," बाई म्हणाली.

"नाय नाय," तो म्हणाला. "पाय मळलेलं हायेत. हितनंच बगू."

मी काकांकडे पाहिलं. त्यांचा डावा हात सोफ्याच्या कडेवर घट्ट आवळला होता. ओठ हलत होते आणि काहीच बाहेर येत नव्हतं. काकू जागच्या जागी थिजल्या. मग काका काठी टेकून उठले, पाय ओढत दारापर्यंत गेले आणि त्या माणसाचा दंड धरला.

"उब्...उभ्यानं नको," ते म्हणाले. "आत या."

जोडपं आत आलं. सोफ्याच्या अगदी कडेला बसलं. ते बसलेले बघून मागचेही चपला काढून आले. काका एकेकाला आत घेत होते. 'बसा'मधला 'स' त्यांना जमत नव्हता, पण कुणाचं काही अडलं नाही. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं. "पाणी."

काकू स्वयंपाकघरात गेल्या. तिथला नळ चांदीसारखा चमकत होता, पण त्याच्यामागं पाइपच नव्हता. त्यांनी खांद्यावरची बाटली काढली, शोभेचे काचेचे पेले पदरानं पुसले आणि घोट घोट पाणी सगळ्यांना पुरवलं. हरसूलची बाई पाणी प्यायली, इकडंतिकडं बघून म्हणाली, "बाबा, घर लय चांगलं हाय तुमचं." काकांनी मान डोलावली. मीही तिची चूक दुरुस्त केली नाही.

तेवढ्यात कंपनीचा माणूस परतला आणि आपल्याच फ्लॅटच्या दारात जेवणाचा डबा घेऊन आ वासून उभा राहिला. काका त्याच्याकडे वळले. "उभ्यानं नको," ते म्हणाले, या वेळी एकदाही न अडखळता. तो मुकाट्यानं चपला काढून आला आणि पाणी प्यायला.

परतताना रिक्षात काकांचा डोळा लागला. त्यांचं डोकं काकूंच्या खांद्यावर होतं. काकू हळू आवाजात बोलायला लागल्या.

"नाशकात आलो तेव्हा खोली शोधत फिरत होतो, भाऊ. मला दिवस गेलेले. एका दारात घरमालकांनी आडनाव विचारलं आणि घरात विचारून येतो म्हणून आत गेले. ते आत जाताना मी पाणी मागितलं होतं. दार लागलं ते उघडलंच नाही. उन्हात किती वेळ उभी होते, मलाच माहीत नाही. रस्त्यात हे म्हणाले, सुभद्रा, आपलं घर झालं की दारात कुणी उभं राहणार नाही."

बारशाच्या दिवशी पायरीवर पुडी घेऊन उभे असलेले काका माझ्या डोळ्यांपुढं आले, आणि फार वाईट वाटलं.

घरी पोचलो. काकांना धरून आत नेलं आणि त्यांनी मला लोखंडी खुर्ची दाखवली. मी बसलो. काकू दारातच थांबून रिक्षातून उतरवलेलं सामान उचलत होत्या, मफलर, काठी, रिकामी बाटली. काका भिंतीला धरत माठापर्यंत गेले. झटका आल्यापासून ते तिथवर कधी गेले नव्हते. डाव्या हातानं पेला बुडवला, अर्धं पाणी कोपरीवर सांडलं, आणि उरलेलं घेऊन ते दारापाशी आले.

"उभी का?" ते काकूंना म्हणाले. "आत ये. बस. पाणी घे."