यंत्राची झोप आणि टोपी-टॉवेल

अमळनेरला रुपचंद आबांच्या घरी चिंधा मिस्तरींनी कपाटाचं काम चांगलं रेंगाळत रेंगाळत केलं. रंधा मारता मारता ते निम्म्या तालुक्याच्या सोयरिकी सांगत आणि आबांच्या पत्नी तानुबाई तांदळाचं ताट मांडीवर घेऊन ऐकत बसत. शेवटच्या दिवशी रिवाजाप्रमाणे खापरावरचे पुरणाचे मांडे झाले, मिस्तरींना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, टोपी-टॉवेल दिला. मिस्तरी नवी टोपी घालून "येतच राहीन" म्हणाले आणि गेले ते गेलेच. चार दिवसांत कपाटाचं दार अडकायला लागलं. निरोपावर निरोप गेले, पण मिस्तरी काही फिरकले नाहीत. त्याआधी विहीर बांधणाऱ्याचं तसंच झालं होतं आणि त्याच्याआधी रंगाऱ्याचं. काम झालं, टोपी-टॉवेल दिला, की त्या माणसाचं तोंड पुन्हा दिसत नाही, हे तानुबाईंच्या मनाने पक्कं घेतलं.

अशात, अठ्ठ्याण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात, त्यांचा सुकदेव पुण्याहून एक कॉम्प्युटर घेऊन आला आणि ओसरीत नेमका मिस्तरींच्याच जागेवर मांडून बसला. शिक्षणाला म्हणून गेलेला पोरगा नोकरीला तिकडेच चिकटला होता. दिवाळीला यायचा आणि फराळाचा डबा रिकामा व्हायच्या आत परत जायचा. त्याच्या आजूबाजूला आता भुशाऐवजी वायरी पसरल्या होत्या, एवढाच काय तो फरक.

"कितला दिन शे?" तानुबाईंनी पाण्याचा तांब्या देता देता विचारलं.

"काम व्हई तोपावत अठेच शे, माय."

काम होईपर्यंत इथेच, हे खरं होतं, पण निम्मंच. उरलेलं निम्मं त्याने पोटात ठेवलं. त्याच्या कंपनीच्या लिमये साहेबांनी सांगितलं होतं, "हे यंत्र तुम्ही तिथे बसून नीट करून दाखवलंत, तर खानदेशातल्या सगळ्या दूध संकलन केंद्रांची जबाबदारी तुमच्याकडे. अमळनेरलाच राहा. नाही जमलं, तर पुण्याचं टेबल आहेच." सुकदेवला पुण्याचं टेबल नको होतं. त्याला हे घर हवं होतं, गरम भाकरी हवी होती, संध्याकाळी आबांशी कापसाच्या भावावरून भांडायला हवं होतं. पण आईने आस लावून बसायचं आणि आपलं काम फसायचं, असं व्हायला नको, म्हणून तो गप्प राहिला.

काम ऐकायला सोपं होतं. दूध केंद्रावर लाइट कधीही जाणार, म्हणून दुधाचा हिशेब ठेवणारं हे यंत्र बॅटरीवर चालणार. बॅटरी पुरायची तर कोणी हात लावत नसेल तेव्हा यंत्राने आपणहून झोपावं आणि बटण दाबलं की उठावं. पण त्यात लिनक्स नावाची जी मूळ प्रणाली घातली होती, तिच्या गाभ्याला या स्वस्तातल्या पडद्याची आणि बॅटरीची ओळखच नव्हती. ही ओळख करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामना ड्रायव्हर म्हणतात. ते लिहिणं आणि दुरुस्त करणं हे सुकदेवचं काम.

तानुबाईंनी चौकशी केली तेव्हा त्याने मोठ्या हौसेने समजावलं. "कोनी हात नही लावा ना, तं थोडा टाइममा हाई आपेआप झोपी जास. पडदा काया व्हई जास."

"आनि हाई झोपाले लागनं, का तुनं काम व्हयनं?"

"व्हयनं!"

"आस्सं," म्हणून तानुबाई आत गेल्या.

रुपचंद आबा पारावर सांगू लागले, "पुनानी कंपनी मना पोऱ्याले पगार देस. कसाना? तं मशीनले झोपाडाना!" लोकांना हा धंदा फार आवडला. असली नोकरी आपल्या पोरांना कुठे मिळते का, याची दोघा-तिघांनी चौकशीही केली.

पण यंत्र झोपेना. सुकदेव सगळं तयार करून हात झटकून उठायचा, आंघोळ किंवा जेवण करून यायचा, तर पडदा टक्क उजेडात. त्याला वाटलं, वेळ मोजणारा आपला भाग चुकला. तो त्याने पुन्हा लिहिला. मग वाटलं, गावच्या विजेत खोट आहे. बॅटरीवर चालवून पाहावं, तर बरोबर आणलेली बॅटरी छोटी. आबांनी पोराखातर ट्रॅक्टरची बॅटरी काढून ओसरीत आणून ठेवली. नांगरटीच्या दिवसांत ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभा राहिला आणि यंत्र मात्र त्या बॅटरीवर आणखीच ताजंतवानं दिसू लागलं.

मग त्याचा संशय की-बोर्डवर गेला. कोणी बटण दाबलेलं नसताना दाबल्याचा इशारा आत पोचत असावा. त्याने की-बोर्ड उलटा करून झटकला, बटणं काढून पुसली. एका बटणावर पिवळा डाग होता. पोहे खाऊन आपण हात नीट धूत नाही, म्हणून त्याने स्वतःलाच चार शब्द सुनावले आणि काम पुढे चालू ठेवलं.

साहेबांना फोन करायला तो झुलालच्या एसटीडी बूथवर गेला. झुलाल लोकांचे फोन ऐकत नसे, पण त्याचे कान उघडे असत. त्याला ऐकू आलं ते एवढंच, "नाही साहेब, अजून झोप नाहीच. सगळं करून बघितलं. दिवसरात्र जागं." संध्याकाळी शेजारच्या झुंबरबाई जायफळ घेऊन हजर.

"दूधमा उगायीसन पी रे भो. पुनामा तुन्ही तब्येत कशी व्हई गयी, देख."

"माले झोप येस, मावशी. हाई मशीन झोपस नही."

झुंबरबाईंनी यंत्राकडे पाहिलं, जायफळाकडे पाहिलं. "मंग त्याले पाज," म्हणाल्या आणि जायफळ टेबलावर ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवशी यंत्रावर लिंबू-मिरची टांगलेली होती. ती कोणी टांगली हे विचारायचं त्राण सुकदेवमध्ये उरलं नव्हतं.

मध्येच तानुबाईंना धुळ्याला बहिणीच्या नातीच्या बारशाला जावं लागलं. जाताना पाय निघत नव्हता, सारख्या ओसरीकडे बघत होत्या. आपल्यावर आईचा किती जीव, म्हणून सुकदेवचे डोळे पाणावले. त्या गेल्या आणि दुपारी तो जेवून आला, तर पडदा काळाभोर! यंत्र गाढ झोपलं होतं. त्याने आनंदाने ओरडून आबांना बोलावलं आणि बटण दाबलं. यंत्र उठेना. पुन्हा दाबलं, दोन्ही हातांनी दाबलं, तरी उठेना.

"पहिले झोपे नही, आते उठस नही," आबा म्हणाले. "तुनावर गयं."

पण ही चूक खरी होती आणि खरी चूक सापडते. झोपण्याआधी पडद्याची सगळी मांडणी लक्षात ठेवायची आणि उठल्यावर परत लावायची, हे ड्रायव्हरमध्ये राहूनच गेलं होतं. सुकदेवने ते घातलं. मग यंत्र झोपलं, उठलं, झोपलं, उठलं. त्याने सगळं एका फ्लॉपीवर काढून ठेवलं आणि फ्लॉपी देवघरात नेऊन ठेवली.

सकाळच्या बसने तानुबाई परतल्या. पायावर पाणी घेण्याआधी त्यांनी विचारलं, "झोपनं का रे?"

"झोपनं! आनि उठनं बी!"

तानुबाईंचा चेहरा उतरला. बसने दमल्या असतील, असं सुकदेवला वाटलं. दुपारी तो साहेबांना आनंदाची बातमी द्यायच्या आधी एकदा शेवटचं बघावं म्हणून आला, तर पडदा पुन्हा टक्क उजेडात.

आता सुकदेव शिकलेला माणूस. त्याने शांत बसून विचार केला. काल झोपत होतं, आज झोपत नाही. मधल्या वेळात बदललं काय? फक्त आपली दुरुस्ती! दोन-चारदा ते चाललं खरं, पण उठवायच्या नादात आपणच झोप मोडली असणार. त्याने ती दुरुस्ती मुळासकट उपटून काढली. धुळ्याहून आई परत आली, हाही एक बदल होता, पण यंत्राच्या गाभ्यात आई धरायची असते, असं त्याला कॉलेजात कोणी शिकवलेलं नव्हतं.

शेवटी लिमये साहेबांनी फोनवर सांगितलं, "मी उद्या येतो. झालं असेल तर पाहू. नसेल तर सामान भरून ठेवा, बरोबरच जाऊ."

सुकदेव घरी आला आणि बॅग काढून कपडे भरायला बसला. तानुबाई भाकरी थापता थापता थांबल्या.

"कोठे चालना?"

"सकाय साहेब येई ऱ्हायना. मी त्यासनासंगे पुनाले जास."

"काबर? काम व्हयनं का?"

"नही व्हयनं, म्हनीसनच जानं पडी."

"आनि व्हयनं आसतं, तं?"

"तं कंपनी माले अठेच ठेवनार व्हती. कायमना."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी तानुबाई हलल्या नाहीत. मग एकदम उसळून म्हणाल्या, "हाई तू उना त्याच दिन माले काबर नही सांगं?"

पिठाच्या हातांनीच त्या ओसरीत गेल्या आणि त्यांनी एका बटणावर बोट ठेवलं. तेच ते पिवळ्या डागाचं. "हाई बटन. तू उठना का मी दाबस. तू जेवाले बठना का मी दाबस."

"माय!"

"मंग काय करू? चिंधा मिस्तरीनं काम व्हयनं, टोपी-टावेल दिधा, तो गया. तुनं काम व्हयनं का तुले बी मीच टोपी-टावेल देऊ?" आणि पदर डोळ्यांना लावून त्या तिथेच खाली बसल्या. सुकदेवला रागवायचं होतं. त्यासाठी त्याने तोंडही उघडलं होतं, पण त्याला काही तो राग सापडेना. तो आईशेजारी जमिनीवर बसला.

आबांनी घसा साफ केला. "आनि मनी ट्रॅक्टरनी बॅटरी?"

देवघरातली फ्लॉपी आली, काढलेली दुरुस्ती पुन्हा आत गेली. तानुबाई दोन्ही हात पदरात गुंडाळून समोर बसल्या. थोड्या वेळाने पडदा काळा झाला. "आते मी दाबू का?" त्यांनी विचारलं आणि दाबलं. यंत्र उठलं.

दुसऱ्या दिवशी साहेब यायच्या आधीपासून गल्लीचा कारभार तानुबाईंनी हातात घेतला. भांडीवाल्याला कोपऱ्यावरूनच परत धाडलं. झुंबरबाईंना दाणे पाखडायला मनाई झाली. आबांना खोकला आला, तर त्यांनी अंगणात जाऊन खोकायचं ठरलं. आवाजाचा आणि यंत्राच्या झोपेचा काही संबंध नाही, हे सुकदेवने दोनदा सांगितलं, पण कोणाचं बाळ झोपायचं असताना असलं ऐकून कोण घेतं?

लिमये साहेब आले, खुर्चीवर बसले. बोलता बोलता बटणांवर बोटं फिरवायची त्यांना सवय होती. हात पुढे गेला आणि तानुबाई कडाडल्या, "साहेब, हात नका लावू!" साहेबांनी विस्तवाला लागल्यासारखा हात मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून वर्गातल्या पोरासारखे बसून राहिले. सगळं घर श्वास धरून बघत होतं. पडदा काळा झाला. तानुबाईंनी मान हलवून परवानगी दिली, तेव्हा साहेबांनी बटण दाबलं. पडदा उजळला. त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं, बॅटरीवरही पाहिलं.

"उत्तम!" साहेब म्हणाले. "की-बोर्डची चाचणी फारच कसून केलेली दिसते."

"घरून मदत होती," सुकदेव म्हणाला.

"मग ठरलं. यंत्र मी पुण्याला नेतो, तुम्ही इथेच थांबा. भडगावच्या केंद्रापासून सुरुवात करा."

आत खापर चढलंच होतं. साहेब मांडे आणि आमरस पोटभर जेवले. निघताना तानुबाईंनी त्यांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, डोक्यावर नवी पांढरी टोपी ठेवली आणि खांद्यावर टॉवेल. साहेबांना भरून आलं.

"इतका मान मला पुण्यात कोणी दिला नाही, आई. मी आता वरचेवर येत जाईन."

"या हं, साहेब," तानुबाई अगदी समाधानाने म्हणाल्या. "तुमचं काम झालं आता."

यंत्र कडेवर घेऊन, टोपी सावरत साहेब रिक्षात बसले. रिक्षा वळेपर्यंत ते हात हलवत होते. आबा सुकदेवच्या कानाशी वाकले.

"चिंधा मिस्तरी बी असंच सांगी गया व्हता."