हैबतरावांचे पाच ओढे

"उद्या कशाला? आत्ताच फेरी मारू," असं नवे रेंजर देवस्थळीसाहेब म्हणाले आणि गार्ड हैबतरावांचा चहा बशीत कमी, खाकी चड्डीवर जास्त सांडला.

मुठा खोऱ्यातल्या त्या जंगलाला वळसा घालणारी गस्तीची एक वाट होती. दर महिन्याला ती चालून रिपोर्ट लिहायचा, असा नियम. हैबतराव सहा वर्षं फक्त रिपोर्ट लिहीत होते. 'फेरी पूर्ण. पाच ओढे ओलांडले. वाट उत्तम.' हा मजकूरही त्यांनी आधीच्या गार्डाच्या वहीतून उतरवला होता. वाट सुरू कुठून होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

चौकीमागच्या करवंदीच्या जाळीत जिथं फट दिसली, तिथं ते साहेबांना घेऊन शिरले.

"वाट दिसत नाही हो."

"पावसानं रान माजलंय साहेब. मागल्या महिन्यात लख्ख होती."

पहिला ओढा गुडघाभर निघाला. रानाच्या मधल्या टेकाडावर गोजराबाई शेरडं राखत बसली होती. ती ओरडली, "अगं बया, गार्डसाहेब! तुमी आन् हितं?"

"नेहमीचंच की, मावशी!" हैबतरावांनी डोळे मिचकावले.

"डोळ्यात काय गेलं का?"

अर्ध्या तासानं दुसरा ओढा लागला. हैबतरावांनी मान वर केली, तर तेच टेकाड आणि तीच गोजराबाई, या खेपेला पाठमोरी. आपण गोल फिरतोय!

"साहेब, त्यो उंबर बघा, केवढा वाढलाय!" असं म्हणून त्यांनी साहेबांची मान दुसरीकडे वळवली. तिसऱ्या ओढ्याला माकड दाखवलं. चौथ्याला दाखवायला काही उरलं नव्हतं, पण साहेबांची हॅट वाहून गेली. ती धरताना हैबतराव कमरेपर्यंत बुडाले, तेवढीच वेळ निभावली.

पाचवा ओढा ओलांडल्यावर समोर चक्क चौकी!

"पाच! बरोबर पाच!" साहेब खूश झाले. "इतका चोख रिपोर्ट लिहिणारा गार्ड मी पाहिला नाही. बुधवारी मोठ्या साहेबांनाच आणतो."

साहेबांची जीप वळताच हैबतराव टेकाडाकडे धावले.

"मावशी, खरी वाट दाखव. साहेबाला मी एकाच ओढ्यातनं पाच येळा काढलं!"

"मग? ओढा एकच हाय," गोजराबाई म्हणाली. "सापावानी वाकडा जातोय, म्हून वाट त्येला पाच येळा वलांडती. तुमी गेलात तीच गस्तीची वाट."

हैबतरावांनी टेकाडावरून ओढा पुन्हा एकदा निरखला. "म्हंजे आज मी खरोखर फेरी मारली?"

"व्हय की. आता बुधवारी बी तश्शीच मारा. कुटनं कुटं गेलात, ध्यानात हाय न्हवं?"

हैबतरावांनी डोकं खाजवलं. उंबर आणि माकड सोडून त्यांना काहीही आठवत नव्हतं.