जावईबापूंची कढत आंघोळ

एका जंगलात, बाळांनो, गॅसचा गीझर आला. कसा आला, कुठून आला, ते विचारू नका. ज्या जंगलात अस्वलं जावयाचा दिवाळसण करतात, तिथे गीझरही येतो. मधेमधे शंका काढल्या तर मी उठून जाईन, सांगून ठेवतो.

तर गीझर आला जिवाजीराव अस्वलांच्या घरी. त्यांच्या सोनकीचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं आणि जावयाची ही पहिलीच दिवाळी. जावयाचं नाव पिलाजीराव. मोठं गरीब अस्वल. त्याला जगात दोनच गोष्टी आवडायच्या, एक मध आणि दुसरी सोनकी. सोनकीलाही तो फार आवडायचा, पण चारचौघांत तसं दाखवायची पद्धत त्या जंगलात नव्हती.

आता अशा जावयाला अभ्यंगस्नानाला चुलीवरचं धुरकट पाणी द्यायचं? जिवाजीरावांच्या मनाला ते पटेना. त्यांनी न्हाणीघरात गीझर बसवून घेतला.

बसवायला आला खंड्या पक्षी. त्याने नळ्या जोडल्या, सिलिंडर बाहेर अंगणात ठेवला आणि चहा पिता पिता सगळं समजावून सांगितलं. एक बटण जाळाचं, एक पाण्याचं. जाळ बारीक ठेवा आणि पाणी मोठं सोडा, म्हणजे अंगाला सोसेल असंच पाणी येईल. दार उघडं ठेवून बादली भरून घ्या, गॅस बंद करा आणि मगच आंघोळीला बसा. आणि वरचा झरोका कधीच बुजवू नका.

"जाळालाही श्वास लागतो," खंड्या म्हणाला. "झरोका बंद केलात तर तो आतली हवा खातो आणि विषारी वायू सोडतो. त्याला वास नसतो. बसल्या जागी झोप लागते, आणि मग माणूस उठत नाही."

जिवाजीरावांनी मान डोलावली. माणसाचं काय होतं याच्याशी अस्वलांचा काय संबंध, असं त्यांना वाटलं असावं. खंड्या उडून गेल्यावर त्यांनी सुधारणा सुरू केल्या.

पहिली सुधारणा विसणाची. कढत पाण्यात वरून जे गार पाणी घालतात त्याला विसण म्हणतात, तुमच्यापैकी कुणाला ठाऊक नसेल तर सांगतो. जिवाजीरावांचं म्हणणं असं, की ज्या पाण्याला विसण लागत नाही ते पाणी तापलंच नाही. जावयाला असलं पाणी दिलं तर तो घरी जाऊन काय सांगेल? म्हणून त्यांनी जाळाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि पाण्याची धार करंगळीएवढी केली. शेजारी विसणाचा हंडा भरून ठेवला. झाला मान.

दुसरी सुधारणा झरोक्याची. त्यातून पहाटेचा गार वारा यायचा आणि जावयाच्या ओल्या अंगाला लागायचा. सोनकीच्या आईने घरातली सगळ्यात जाड गोधडी काढली आणि झरोक्यात गच्च कोंबली. सोनकी म्हणाली, खंड्याने नको सांगितलं होतं ना. आई म्हणाली, तो त्याच्या घरट्यापुरता शहाणा, जावयाचं त्याला काय कळतंय.

दिवाळीची पहाट उजाडली. पिलाजीरावांना पाटावर बसवून तेल लावलं, उटणं लावलं आणि न्हाणीघरात पाठवलं. सासुरवाडी पडली, लाजून त्यांनी आतून कडी घातली. धडाडून जाळ पेटला. बाहेर अंगणात शेजारपाजारचे सगळे फराळाला जमले होते. जंगलातला पहिला गीझर कसा बोलतो ते ऐकायला आले होते म्हणा ना.

सोनकी फराळाची ताटं वाढत होती, पण तिचा कान आत होता. आधी तांब्याचा आवाज येत होता. पिलाजीराव काहीतरी गुणगुणत होते. मग गुणगुणणं थांबलं. मग तांब्याही थांबला. नुसती धार बादलीत पडत राहिली.

सोनकी बापाकडे गेली. हळूच म्हणाली, आतून काही चाहूल येत नाही, जरा हाक मारून बघा.

जिवाजीराव तिच्याकडे बघतच राहिले. "जावयाला आंघोळ आटपा म्हणू? उद्या जंगलभर होईल, जिवाजीरावांनी पाण्यावरून जावयाला उठवलं."

आली का पंचाईत? सोनकी दाराशी गेली आणि तिनेच हाक मारली. आता त्या जंगलात नवऱ्याचं नाव घेत नसत. सगळ्याच बायका आपापल्या नवऱ्याला 'अहो' म्हणत. सोनकीने हाक मारली, "अहो!"

अंगणातून जिवाजीराव म्हणाले, "काय गं?" सोनकीचे काका म्हणाले, "आलो, आलो." कुंपणापलीकडून शेजारचे गवेरावसुद्धा म्हणाले, "हो, ऐकतोय." जंगलातल्या सगळ्यांच्या नवऱ्यांनी ओ दिली. फक्त तिच्या नवऱ्याने दिली नाही.

आणि गंमत बघा, सगळ्यांना हायसं वाटलं. हाक मारली, ओ आली, म्हणजे झालं की. जो तो पुन्हा चकलीकडे वळला.

सोनकीने दारावर दोन्ही पंजे आपटले आणि सगळा जोर लावून ओरडली, "पिलाजी! अहो पिलाजी, दार उघडा!"

सोनकीची आई लाजेने लाल झाली, म्हणजे अस्वल जितकं होऊ शकतं तितकी. पण शेजारच्या साळूबाई साळिंदर भलत्याच खूश झाल्या. दिवाळसणाला नवी नवरी नाव घेतेय, याहून चांगलं काय? त्या लगबगीने उठल्या, चार बायका मागे घेऊन आल्या आणि न्हाणीघराच्या दारातच सोनकीला गराडा घालून उभ्या राहिल्या. असं कोरडं नाव नाही घ्यायचं, म्हणाल्या, उखाण्यात घे. घेतल्याशिवाय आम्ही सोडणार नाही.

सोनकी रडायला लागली. साळूबाईंना वाटलं, लाजतेय. तेव्हा सोनकीने डोळे पुसले आणि दात ओठ खात म्हटलं,

"आत कोंडला गॅस आणि आतून लागली कडी,
पिलाजीराव पडलेत आत, ही का उखाण्याची घडी?"

वा वा, बायका म्हणाल्या. यमक काय छान जुळलंय! आणि टाळ्या वाजवायला म्हणून त्या जरा मागे सरकल्या.

तेवढी जागा सोनकीला पुरली. तिने खांदा दिला. दार कडीसकट आत पडलं. पिलाजीराव भिंतीला टेकून बसले होते, मान कलंडलेली. तिने श्वास धरला, काखेत हात घालून त्यांना फरफटत उघड्यावर आणलं, धावत जाऊन सिलिंडर बंद केला आणि झरोक्यातली गोधडी उपसून फेकून दिली. मग ती त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि पुन्हा पुन्हा त्यांचं नाव घेत राहिली. उखाण्याशिवाय. तिला कुणाची लाज वाटली नाही.

बऱ्याच वेळाने पिलाजीरावांनी डोळे उघडले. वैद्य आले, तपासलं आणि म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर मला बोलवायची गरजच नव्हती.

आता बाळांनो, तुम्हाला वाटेल सगळे सोनकीला शाबास म्हणाले. कुठल्या जंगलात राहता तुम्ही?

जावई भर अंगणात, नुसत्या ओल्या पंच्यात, सासुरवाडीच्या सगळ्या पाहुण्यांसमोर फरफटत आला, याची चर्चा पाडव्यापर्यंत चालली. मुलीने नवऱ्याला नावाने हाक मारली, याची भाऊबीजेपर्यंत. गोधडीचं आणि जाळाच्या बटणाचं नाव कुणी काढलं नाही. आणि पिलाजीरावांनाही चौघांनी सांगून सांगून पटलं, की आपला अपमान झाला. ते रुसून बसले.

जावई रुसला म्हणजे त्याला काहीतरी द्यावं लागतं. जिवाजीरावांनी त्यांना गीझर दिला. आपल्याकडच्यापेक्षा मोठा.

तो सोनकीच्या घरी बसला. सोनकीने पहिल्याच दिवशी न्हाणीघराची कडी उपटून टाकली. झरोका दोन पंजे मावतील एवढा केला. जाळ बारीक, पाणी मोठं, बादली तीच भरते, गॅस तीच बंद करते आणि मगच नवऱ्याला आत सोडते. सासू म्हणते, कसली ही निलाजरी सून, नवऱ्याला धड कडी लावू देत नाही.

पिलाजीराव आतून रोज कुरकुरतात. वारा येतो, पाणी कोमट आहे, आमच्या आईच्या हातचं पाणी कसं चटका बसेल असं असायचं. सोनकी बाहेर उंबऱ्यावर बसून ऐकते. ते कुरकुरतात तोवर ती निवांत असते. गप्प झाले, की उठून उभी राहते.

तात्पर्य : बायकोने नवऱ्याचं नाव उखाण्यातच घ्यावं. नुसतं घेतलं तर नवरा जगतो, आणि मग जन्मभर पाणी कोमट असल्याची कुरकुर ऐकावी लागते.