फासळीवाले शमुवेलभाऊ

जंगलातली पायवाट एका माणसापुरती असते. दोघांनी शेजारी शेजारी चालावं एवढी रुंदी तिला नसते आणि शहाणी माणसं तशी अपेक्षाही करत नाहीत. आमच्या भागात सगळे एकाच रीतीने चालत. पुरुष पुढे, खांद्यावर कुऱ्हाड घेऊन. बाई मागे, डोक्यावर ओझं घेऊन. शमुवेलभाऊ मात्र बायकोच्या बाजूने चालत. म्हणजे मार्थाबाई पायवाटेवरून, आणि हे त्यांच्या डाव्या हाताला, बोरीच्या जाळ्यांतून. मध्ये झाड आलं की झाडाला वळसा घालून पुन्हा बाजूला. वारूळ आलं की वारुळावर चढून, पलीकडे उतरून, पुन्हा बाजूला. कुरखेड्याच्या बाजाराला पोचेपर्यंत धोतराच्या चिंध्या झालेल्या असत. मार्थाबाईंच्या झोळीत पवित्र शास्त्र होतं, पण हाताशी लागेल असा वर ठेवलेला असे तो सुईदोरा.

कुणी विचारलं, "भाऊ, वाट सोडून काट्यांत काऊन चालता जी?" तर उत्तर ठरलेलं.

"देवानं फासळी कुठची काढली? बाजूची. मंग?"

हे 'मंग' त्यांचं शेवटचं शब्दास्त्र होतं. त्यानंतर ते खिशातून तंबाखू काढत आणि वाद मिटला असं समजत.

ही एकोणीसशे पन्नासनंतरची वर्षं. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यात होती. कुरखेड्यापासून सात-आठ मैल आत ख्रिस्ती लोकांची पंधरा घरांची वस्ती होती. एक कौलारू प्रार्थनाघर आणि चौथीपर्यंतची शाळा. मी त्या शाळेचा मास्तर. वय बावीस, वजन सांगण्यासारखं नाही. शमुवेलभाऊ तिथले उपदेशक. आठवडी बाजारात आणि गावोगाव फिरून शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, ही त्यांची नोकरी. अक्षरओळख बेताची, पण गोष्टी तोंडपाठ. चित्रांचा मोठा गुंडाळा असे, तो धरून उभं राहायला बाजाराच्या दिवशी मला जावं लागे.

तोंडपाठ सगळ्या गोष्टी असल्या तरी ते सांगत एकच. सुरुवात कुठूनही होवो, दहा मिनिटांत ते एदेन बागेत पोचत आणि आदामाला झोपवून, त्याची फासळी काढून तिची हव्वा घडवत. जलप्रलयाची गोष्ट सांगतानाही तारवात जनावरं जोडीजोडीनं, बाजूबाजूनं चढली, एकामागं एक नाही, हे ते ठासून सांगत. दार अरुंद असेल, अशी शंका मी एकदा काढली होती.

"तुमी पाह्यलं होतं काय, मास्तर?" ते म्हणाले.

दुसरी खोड हुंकाराची. आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने 'हूं' म्हणायचं, ही रीतच आहे. पण शमुवेलभाऊंना हुंकार सतत लागे. तो थांबला की गोष्ट वाक्याच्या मध्येच थांबे, आणि ते वळून कोण गप्प झालं ते बघत. एकदा एक म्हातारा गोंड मोहाच्या झाडाला टेकून ऐकत होता. त्याचा 'हूं' बंद झाला. शमुवेलभाऊ माणसांतून वाट काढत त्याच्यापाशी गेले आणि दोन्ही खांदे धरून त्याला हलवलं. म्हाताऱ्याने डोळे उघडले.

"बापा, झोपलो होतो. मेलो नाई."

सगळा बाजार हसला. शमुवेलभाऊ हसले नाहीत.

लोक वाद घालत. ते त्यांना आवडे. "बैल नांगराले कसे जुपता?" ते विचारत. "एकामागं एक, का बाजूबाजूनं?"

"आमी बाईले बैल समजत नाई," एक पाटील रागाने म्हणाला होता.

त्याची बायको चार पावलं मागे, डोक्यावर मिठाचं गाठोडं घेऊन उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "बैलाचं ओझं सांजच्याले उतरवतेत जी."

शमुवेलभाऊंनी त्या बाईला लवून जोहार केला.

आता माझ्या दुखण्याकडे येतो. फासळीचा मुद्दा लोकांना पटावा म्हणून त्यांना खऱ्या फासळ्या दाखवाव्या लागत. त्यांचं स्वतःचं पोट सुटलेलं. म्हणून ऐन रंगात ते माझ्याकडे वळत आणि म्हणत, "मास्तर, सदरा काढा." मी काढत असे. ते वडील होते, मी नवा होतो. मग बोटाने एकेक फासळी मोजली जाई. दोन्ही बाजूंनी बाराच भरत. कुणीतरी म्हणे, "भाऊ, एक कमी पाहिजे ना?" त्यावर उत्तर असं, की देव कुणाचं घेतो ते भरून देतो. हे म्हणताना त्यांचं बोट माझ्या बरगडीवर जरा थबकत असे. मला गुदगुल्या होत. त्यापलीकडे माझं लक्ष नव्हतं.

एका बाजारात मला बघायला नागभीडकडचे पाहुणे आले होते. मुलीचे वडील आणि दोन काका. मी कुठे आहे असं त्यांनी विचारलं तेव्हा लोकांनी बोट दाखवलं. मी उघडा उभा होतो आणि शमुवेलभाऊ नवव्या फासळीवर होते. पाहुणे चहासुद्धा न घेता परतले. सोयरीक मोडली. शमुवेलभाऊंना कळल्यावर ते म्हणाले, "बाराच्या बारा शाबूत हायत, अन् त्याइले पाहिजे काय आणखी?" मी हसलो. पण ते मनात धरून ठेवलं. पुढे जे घडलं, त्याला हे धरून ठेवणंच कारणीभूत आहे. दुसरं कुठलंही तात्त्विक कारण नव्हतं.

पुढे चित्राचं प्रकरण झालं. गुंडाळ्यातल्या एदेन बागेच्या चित्रात आदाम पुढे उभा होता आणि हव्वा त्याच्या मागे, झुडपाआड, एक हात त्याच्या खांद्यावर ठेवून. शमुवेलभाऊंना ते चित्र पहिल्यापासून खुपत होतं. एके दिवशी त्यांनी कात्री घेतली, हव्वा कापून काढली आणि भाताच्या खळीने आदामाच्या बाजूला चिकटवली. पण खांद्यावरचा हात नीट कापता येईना, तो तिथेच राहिला. आता आदामाच्या बाजूला हव्वा होती आणि त्याच्या मागून एक रिकामा हात आलेला होता. शाळेतली पोरं विचारत, हा हात कोणाचा. ते म्हणत, "जुना हाय. तिले मांगून बाजूले आनलं, हात आनाचा राह्यला."

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्या नाताळाच्या उपासनेला चार तरण्या सुना बायकांच्या चटया सोडून उठल्या आणि पुरुषांकडे येऊन आपापल्या नवऱ्याच्या बाजूला बसल्या. नवरे माना खाली घालून राहिले. वस्तीचे वडील इस्राएलभाऊ मला म्हणाले, "आज बाजूले बसली मास्तर, उद्या म्हनन का मी संगं जेवतो." आणि त्यांनी वरच्या पाळकसाहेबांना चिठ्ठी धाडली.

पाळकसाहेब आले. शिस्तीचे, पण वाईट माणूस नव्हते. प्रार्थनाघरात चौकशी झाली. त्यांनी शमुवेलभाऊंना समजावलं, की आदाम आधी निर्माण झाला, बाई नंतर. ती त्याची मदतनीस, आणि मदतनिसाची जागा मागे.

"साहेब," शमुवेलभाऊ म्हणाले, "सागाचा लट्ठा उचलाचा असन, तर मदतीचा मानूस मांगं उभा राहून काय करन? पाहत राह्यन?"

मागच्या बाजूला एक बाई हसली. साहेबांनी शमुवेलभाऊंना बाहेर बसायला सांगितलं आणि अहवाल लिहायला मला बसवलं. वस्तीत लिहिणारा मीच होतो. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: एक, शास्त्राचा विपरीत अर्थ सांगतात. दोन, चित्राची नासधूस केली. तीन, बायकांना चिथावतात. बाजारात शिक्षकाला उघडं करतात, हे चौथं कलम माझ्या पदरचं.

सही करण्याआधी पाळकसाहेबांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "मास्तर, हा माणूस असं का वागतो? काही कारण आहे का? असेल तर लिहा. एवढ्यावर माणसाची नोकरी आणि घर घेताना मला बरं वाटत नाही."

मी म्हणालो, "कारण काही नाही. स्वभाव हट्टी आहे."

कारण होतं. आणि ते मला ठाऊक होतं.

नाताळच्या आधी आठ दिवस मार्थाबाई शाळेच्या ओसरीवर त्यांचं धोतर शिवत बसल्या होत्या. मी थट्टेने म्हणालो, की बाई, तुम्ही मागे चाललात तर एवढा दोरा वाचेल. त्या शिवत शिवतच बोलल्या.

"मी दुसरी बायको हावो मास्तर. पयली सखू. तवा हे ख्रिस्ती नव्हते, बांबू तोडाच्या कामावर होते. दोघं बाजारातून मीठ घेऊन परत येत होते. भर दुपार. हे समोर कुऱ्हाड घेऊन, सखू मांगं. हे गोष्ट सांगून राह्यले, ते 'हूं' म्हनून राह्यली. मंग 'हूं' बंद झाला. ह्याइले वाटलं, बांगड्या घेतल्या नाई म्हनून रुसली. मने, रुसू दे. गोष्ट चालू ठेवली."

त्यांनी दोरा दाताने तोडला.

"वाघ ओळीतलं मागचंच मानूस नेते, हे पोट्ट्यालेही ठावं हाय. पन कुऱ्हाड समोरच लागते ना जी, म्हनून बाप्या समोर. सगळेच तसे चालतेत. हे वळून पाह्यतेत तं वाटेवर मीठ सांडलेलं. गेली ते गेली. पन हूं नसताना गोष्ट पुरी केली, हे त्याइले खाते."

पुढे कुठल्याशा बाजारात एका उपदेशकाने फासळीची गोष्ट सांगितली. शमुवेलभाऊंनी त्याला तीनदा विचारलं, बाजूची? पाठीची नाही? पक्कं? आणि दुसऱ्या महिन्यात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मार्थाबाईंशी लग्न ठरताना त्यांची एकच अट होती. "मने, मांगं चालाचं नाई. कबूल असन तं हो म्हन."

हे सगळं मला माहीत होतं. दोन ओळींत लिहून झालं असतं. पाळकसाहेबांनी समज देऊन सोडून दिलं असतं, याची मला तेव्हाही खात्री होती. पण माझ्या डोळ्यांपुढे चहा न घेता परत जाणारे पाहुणे होते. मी ओळी लिहिल्या नाहीत. साहेबांनी सही केली.

आठवडाभरात हुकूम आला, नोकरी गेली, घर महिन्याभरात रिकामं करायचं. सोबत मला एक सूचना होती, चित्र पूर्ववत करावं. मी हव्वेला पाण्याने भिजवून अलगद सोडवलं आणि मागे नेऊन चिकटवलं. हाताशी दंड बरोबर जुळला. आपल्या कारागिरीचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

मार्थाबाईंचा भाऊ नागभीडला रेल्वेत हमाल होता. ती दोघं त्याच्याकडे निघाली. मोटार थांबते त्या सडकेपर्यंत त्यांचं एक गाठोडं घेऊन मी गेलो. नाही म्हणायचं धैर्य नव्हतं. सकाळची वेळ होती, थंडी होती. वस्ती संपून पायवाट लागली तसा मी सवयीने मागे झालो.

शमुवेलभाऊ थांबले. "मास्तर, मांगं नाई. त्या बाजूनं या."

मग आम्ही तिघे तसे निघालो. मध्ये पायवाटेवर मार्थाबाई, डावीकडे काट्यांत ते, उजवीकडे काट्यांत मी. माझा एकुलता एक पायजमा पहिल्या शंभर पावलांत फाटला. मार्थाबाई म्हणाल्या, "सडकेवर शिवून देतो, मास्तर." अहवाल कुणाच्या हातचा आहे हे त्यांना ठाऊक होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. शमुवेलभाऊंना ठाऊक नव्हतं. त्यांना हाताने लिहिलेलं वाचता येत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. ते नागभीडलाच वारले, असं काही वर्षांनी ऐकलं.

चालता चालता त्यांनी गोष्ट सुरू केली. कोणती, ते सांगायला नको. नोकरी गेली होती, ऐकायला आम्ही दोघंच होतो, पण त्यांनी एदेन बाग पूर्ण उभी केली. झाडं, नद्या, आदामाने जनावरांना दिलेली नावं. मार्थाबाई 'हूं' म्हणत होत्या, मी 'हूं' म्हणत होतो.

"मंग देवानं तिले बनवली," ते म्हणाले, "अन् आदामापाशी आनली. पाठवली नाई, मास्तर. म्हनला नाई का जाय तू, मी येतो मांगून. सोता हात धरून आनली. वाटंत कुठी सोडली नाई."

माझा 'हूं' आला नाही. मार्थाबाई 'हूं' म्हणाल्या, पण एकच ऐकू आला. शमुवेलभाऊ तिथल्या तिथे थांबले. वळले. मी त्यांना समोर दिसत होतो, सहा हातांवर, भर उजेडात. तरी ते वाट ओलांडून माझ्याकडे आले आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"मास्तर," ते म्हणाले, "हूं म्हना."

मी 'हूं' म्हणालो. मगच त्यांनी मनगट सोडलं, आणि ते काट्यांत परत गेले.