नावाप्रमाणे भांडी

वस्तू लावून ठेवाव्या तर आम्हीच! छप्पन साली प्रांत फुटला तेव्हा कोणती फाइल नागपूरला जाणार नि कोणती भोपाळला, हे बालाघाटच्या रेकॉर्डरूममध्ये मीच ठरवलं. तेव्हा धाकट्या भावाच्या लग्नासाठी गल्लीभरातून मागून आणलेली भांडी परत करणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

बायको, म्हणजे अलकनंदा, नव्या नवरीला माहेरी राजेगावला पोचवायला निघाली. जाताना म्हणाली, "अहो, भांड्यांना हात लावू नका. कोणाकडून काय आणलं ते मला पाठ आहे. उद्या देते."

"पाठ असणं म्हणजे पद्धत नव्हे!" मी म्हणालो.

ती गेली नि मी अंगणात बसलो. आधी धातूप्रमाणे लावली. पितळ एकीकडे, तांबं एकीकडे. दिसायला सुरेख! पण अशानं कुणाचं काय ते कळेना. मग कामाप्रमाणे लावली. तर परातीत कणीकही मळतात नि नवरदेवाचे पायही धुतात. तिला स्वैपाकात घालू की विधीत? तिथं मी खरंच विचारात पडलो. फाइलीला एक विषय असतो हो. घरातल्या वस्तूला किती असतात, कोण जाणे.

एवढ्यात परात उलटी केली, तर काठावर नाव कोरलेलं! वा! फाइलीवर ज्याचं नाव, फाइल त्याची. मी नावांप्रमाणे ढीग लावले, हातगाडीवाल्या महागूला बोलावलं नि भांडी रवाना केली. एका घागरीवर 'चैतराम, रामपायली' होतं. ती बसच्या कंडक्टरकडे दिली.

संध्याकाळी गुणाकर वकील धापा टाकत आले. "नीळकंठराव, वॉर्डानं मले वाळीत टाकलं काय हो?"

"का बरं?"

"गल्लीत ज्याच्या ज्याच्या लग्नात म्या भांडं देल्लं, ते समदे भांडे माह्या ओसरीवर येऊन पडले! अहेर वापस करते काय कोणी?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. भांड्यावर नाव अहेर देणाऱ्याचं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक! आणि मी ते रेकॉर्डरूमच्या तोऱ्यात विसरलो!

तेवढ्यात शेजारची तुळसाबाई आली. "साहेब, माही घागर?"

"ती... रामपायलीला गेली."

"अगा माय! काहून?"

"चैतरामचं नाव होतं तिच्यावर."

"तो माहा भाऊ होये!" ती मटकन खाली बसली. "वावराच्या धुऱ्याच्या भांडणापासून तो माह्या दारात आला नाही. माहेरची तेवढीच एक वस्तू होती. आता त्याले वाटन, मीच वापस केली. माहं माहेर बुडवलं तुमी!"

ती रडू लागली नि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्री परत आलेल्या अलकनंदानं सगळं ऐकलं. "सकाळी रामपायलीला जाऊन माफी मागा," एवढंच म्हणाली. तेच जास्त लागलं.

सकाळी मी रामपायलीला माफी मागायला निघणार, तोच पहिल्या बसनं चैतराम स्वतःच आला. खांद्यावर घागर! तुळसाबाईच्या दारात उभा राहिला. अख्खी गल्ली बाहेर.

"तुळसे, मले दोन शिव्या दे. पण भांडं काहून वापस केलं व?"

मी पुढे झालो. "त्याचं असं झालं, की—"

तुळसाबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की माझं तोंड आपोआप मिटलं. मग ती भावाला म्हणाली, "तू येतच नव्हता. मंग का करू?"

चैतरामनं घागर खाली ठेवली नि लहान लेकरासारखा रडला. "चुकलं व माहं," म्हणाला. तिनं त्याला हात धरून आत नेलं. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू!

पण डोळे कोरडे झाल्यावर छातीही फुगलीच. अलकनंदाला म्हटलं, "पाहिलं? शेवटी पद्धत ती पद्धत!"

ती काही बोलणार, तोच दारात कोपऱ्यावरची रुख्माबाई. बगलेत परात. कालच वकिलांकडून भांडणं करकरून सोडवून आणलेली!

"साहेब, ह्या परातीवर वकिलाचं नाव हाय, पण ते ऱ्हाऊ द्या," ती हळूच म्हणाली. "माहा भाऊ लांजीले ऱ्हायते. लय सालं झाले, भाऊबिजेले येत नाही. हे त्याले धाडून तुमी तशीच चूक माह्यासाठीबी करता काय?"

तिच्या मागे गल्लीतल्या आणखी बाया उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात एकेक भांडं.