बाळारामदादांच्या वालातले चेंडू

चेंडू गोलात गेला की सगळं जग खूश होतं. चेंडू गोलावरून उडून पार पलीकडं गेला की खूश होणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. बाळारामदादा पाटील.

त्याला कारण आहे. आमच्या मैदानाचा उत्तरेकडचा गोल संपला की पाच पावलांवर दादांचं शेत सुरू होतं. मधे नावाला करवंदीची जाळी. पावसाळ्यात भात, हिवाळ्यात वाल, आणि शेताच्या कडेला दादांचं कौलारू घर. गोलावरून गेलेला चेंडू जातो तो थेट दादांच्या वालात, आणि दादांच्या वालात पडलेला चेंडू दादांचा.

तसे परत देतात. दादा काही चोर नव्हेत. पण आधी ओटीवर बसावं लागतं.

"बस रं. बॉल काय पळून जात नाय."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चेंडू स्वतःच्या मांडीवर, समोरच्याच्या हातात ताकाचा पेला, आणि मग चौकशी सुरू. कोनाचा रं तू? गाव कंचं? आईचं माहेर कुठलं? भाऊ किती? जेवलास का? काय जेवलास? एवढ्याशा जेवनावर धावतोस? सगळी उत्तरं मनासारखी मिळाली की चेंडू मिळतो. तोवर मैदानावर एकवीस जण कमरेवर हात ठेवून उभे.

मी सलीम. राहायला इथं जवळच शिळफाट्याला, आणि साजगावच्या बाजूला आमचा जो फुटबॉल क्लब आहे त्याचा मॅनेजर. मॅनेजर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टायवाला माणूस येतो. मी बूट मोजतो, जर्सी धुवायला टाकतो, पोरांच्या खोल्यांचे नळ दुरुस्त करून घेतो आणि कोचसाहेबांच्या शिव्या खातो. त्यातल्या निम्म्या शिव्या अकरा वर्षं दादांमुळे खाल्ल्या आहेत.

आमची टीम व्यावसायिक. म्हणजे पोरांना खेळायचा पगार मिळतो. त्यामुळे दर हंगामाला देशभरातून नवी पोरं येतात, आणि टीमचा एक जुना नियम आहे की वालातला चेंडू आणायला सगळ्यांत नव्यानं जायचं. जुनी खोडं शहाणी. त्यांना ठाऊक आहे की गेलेला माणूस दहा मिनिटं परत येत नाही आणि परत येतो तेव्हा त्याच्या मिशीला ताक लागलेलं असतं.

मागल्या हंगामात मिझोरमचा एक पोरगा आला. नाव लांबलचक, आम्ही लाला म्हणायचो. एकोणीस वर्षांचा, वाऱ्यासारखा पळायचा, आणि पायात ताकद अशी की मारलेला चेंडू हमखास गोलावरून दोन पुरुष उंच जायचा. पहिल्याच दिवशी पाच वेळा वालात. कोचसाहेबांनी डोक्याला हात लावला. पाचव्या वेळी लाला परत येईना, म्हणून मी बघायला गेलो.

लाला ओटीवर मांडी घालून बसलेला. त्याला मराठी येत नाही, दादांना मराठीशिवाय काही येत नाही, आणि दोघांच्या गप्पा रंगलेल्या. दादा हातवारे करून काहीतरी विचारत होते आणि लाला बोटानं जमिनीवर डोंगर काढत होता.

"सलीम, ह्यो आपल्यातलाच निघाला," दादा मला म्हणाले.

"दादा, तो मिझोरमचा आहे. आसामच्याही पलीकडं."

"आसू दे ना. याच्या मामाच्या गावाला बांबू हाय. आपल्याकडं बी बांबू हाय. याची आय भात लावते. आमी बी भात लावतो. मंग आनखी काय पायजे सोयरीक जुळायला?"

मी चेंडू उचलला.

फुटबॉलविषयी दादांची मतं ठाम होती आणि ती ते कोचसाहेबांपर्यंत माझ्यामार्फत पोचवत. एकदा मला जाळीपाशी बोलावून गंभीरपणे म्हणाले, "तुमचा गोलकीपर बदला."

"का? चांगला आहे की."

"कसला चांगला? समदंच अडवतो. काय उपयोग?"

लाला मात्र त्यांच्या मते टीममधला एक नंबरचा खेळाडू. पुढं कोचसाहेबांनी रोज सकाळी तासभर घासून लालाचा पाय खाली आणला. चेंडू जाळ्यात जायला लागले, पेपरात फोटो आला. दादांनी तो फोटो बघितला आणि उसासा टाकला. "बिघडला रं पोरगा. आता आतच मारतो."

मी त्यांना फुटबॉलचे नियम दोनदा समजावून सांगितले. दोन्ही वेळा त्यांनी नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि वाल कसा यंदा उशिरा आलाय ते सांगितलं. मी म्हटलं, म्हातारा गमतीदार आहे. त्यापलीकडं मी विचार केला नाही, हे कबूल करायला हवं.

थंडीत शेंगा भरल्या की दादा नव्या पोरांसाठी पोपटी लावायचे. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, वर भांबुर्ड्याचा वासाचा रानपाला, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ. ज्या शेंगा आमच्या चेंडूंनी तुडवल्या त्याबद्दल वर्षभर आरडाओरडा करायचे, आणि ज्या वाचल्या त्या त्याच पोरांना खायला घालायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा ऐरोलीला, गणपतीला येतो आणि विसर्जन झालं की जातो.

तर असं सगळं सुखात चाललेलं असताना आमचा मालक बदलला.

जुने शेठ थकले आणि क्लब मुंबईच्या एका कंपनीनं घेतला. कंपनीकडून एक तरुण मॅडम आल्या. बाई हुशार, बोलायला गोड, आणि आल्याआल्या पोरांच्या खोल्यांना गीझर लावून दिले, म्हणजे माणूस वाईट नाही. त्यांनी टेबलावर नकाशा पसरला. इथं पक्कं स्टेडियम. चारी बाजूंनी प्रेक्षकांना बसायला पायऱ्या, दिवे, सगळं काही. फक्त उत्तरेकडच्या पायऱ्यांना जागा कमी पडत होती. नकाशावर तिथं एक लाल पट्टी होती. ती पट्टी म्हणजे दादांचा वाल.

"ही मिळाली तर स्टेडियम इथंच," मॅडम म्हणाल्या. "नाही मिळाली तर पनवेलच्या पुढं जागा बघून ठेवली आहे, टीम तिकडं न्यावी लागेल. तुमची ओळख आहे ना त्यांच्याशी? तुम्हीच बोला. भाव चांगला देऊ."

मी खुशीत गेलो. वाटलं, दोन पेले ताक पिऊन काम होईल.

पहिल्या दिवशी दादांनी स्टेडियमचं आणि भावाचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गोलाच्या मागं काय येनार म्हनलास?"

"पायऱ्या. आणि त्यांच्या मागं उंच भिंत."

"मंग नाय जमायचं," दादा म्हणाले आणि शेंगा सोलायला बसले.

दुसऱ्यांदा गेलो तर म्हणाले, "इचारून सांगतो."

"कुणाला विचारणार? सातबारा तुमच्या एकट्याच्या नावावर आहे."

"वालाला."

गावात बोभाटा झाला की बाळाराम भाव वाढवतोय. त्यांच्या मुलाचा मला फोन आला, "सलीमभाई, म्हाताऱ्याला समजवा, असा भाव परत येणार नाही." इकडं पोरं मला विचारायला लागली की खोल्या कधी सोडायच्या. मलाही झोप लागेना. टीम पनवेलच्या पुढं गेली तर मी शिळफाट्याहून कुठवर जाणार? बायको म्हणाली, तुम्हाला शब्द नीट वापरता येत नाहीत, गोडीनं बोला. मी गोडीनं बोलायचं ठरवून तिसऱ्यांदा गेलो आणि पाच मिनिटांत माझं डोकं फिरलं.

"दादा, तुम्हाला पाहिजे तरी काय? जास्त भाव पाहिजे तर तसं सांगा! वालापायी कुणी एवढा हट्ट करतं का?"

दादा हातातली शेंग खाली ठेवून म्हणाले, "वाल गेला उडत रं. वालाचं काय घेऊन बसलास? दिवसाला चार बॉल येतात. चार बॉल म्हंजे चार मान्सं. भिंत झाल्यावर हिकडं कोन येल?"

त्यांनी मैदानाकडं बोट दाखवलं.

"सकाळपास्नं कान तिकडंच असतो माझा. पोरगा आला, की मी जरा लांबवतो. बॉल दिला की जातो ना तो. पोरं हाईत, खेळाय आलीत, म्हाताऱ्यापाशी कशाला बसतील? बॉल हाय म्हनून बसतात. त्ये मला बी कळतं."

अकरा वर्षं मी या माणसाची टिंगल करत होतो. मला लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच पुढचं वाक्य बोलणं भाग होतं, कारण ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"दादा, जागा नाही दिलीत तरी चेंडू येणार नाहीत. टीमच जाणार आहे. पनवेलच्या पुढं."

"टीम जानार? म्हंजे पोरं?"

"सगळी."

"लाला बी?"

"लालासुद्धा."

दादा उठून आत गेले. मी थोडा वेळ थांबलो. ते बाहेर आले नाहीत, तेव्हा मी निघालो. त्या दिवशी त्यांनी मला ताकही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडायला आलो तर दादा दारात उभे. काखेत प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा. "तुझ्या मॅडमला बोलाव," म्हणाले.

मॅडम आल्या. दादांनी भावाचा आकडा ऐकून घेतला आणि तो जणू दुसऱ्याच कुणाचा आहे अशा चेहऱ्यानं मान हलवली. त्यांना दुसरंच विचारायचं होतं. पोरं इथंच राहतील ना? खानावळीतली डाळ पातळ असते, ती जरा घट्ट करता येईल का? मॅडमनी दोन्हीला हो म्हटलं. मग दादांनी विचारलं, "भिंत किती उंच?"

"पंचवीस फूट. आणि वर जाळी."

"म्हंजे लाला बी नाय पोचवनार," दादा म्हणाले.

मॅडम हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. दादांनी खाली वाकून सही केली, अक्षर वेडंवाकडं आलं म्हणून मॅडमची माफी मागितली आणि माझ्याकडं न बघता निघाले. मी मागून धावत गेलो. म्हटलं, "दादा, नाही म्हणायचं होतं तर म्हणायचं होतंत."

"अन् पोरं? तिकडं नव्या गावात त्यांना कोन इचारील जेवलात का म्हनून? हितं निदान तू हाईस."

मी आहे! आयुष्यात मी एकाही पोराला जेवलास का विचारलेलं नव्हतं.

भिंत उभी राहायला फार दिवस लागले नाहीत. शेत गेलं, घर आणि पुढचं अंगण राहिलं. लालाला केरळच्या टीमनं मोठ्या करारावर नेलं. जाताना तो लांबून वळसा घालून दादांच्या पाया पडून आला. त्याला पाया पडायला कुणी शिकवलं ते मला ठाऊक नाही. नंतर नवा हंगाम, नवी पोरं. त्यांना भिंतीपलीकडं कुणी राहतं हेही माहीत नव्हतं. खानावळीतली डाळ मात्र घट्ट झाली.

मी रोज ठरवायचो, आज दादांकडं जाऊन येतो. रोज काहीतरी निघायचं. खरं सांगायचं तर मला तोंड दाखवायची हिंमत होत नव्हती. शेवटी एका रविवारी दुपारी, टीमला सुट्टी असताना, गेलोच.

दादा ओटीवर बनियन आणि टॉवेलवर बसले होते. समोर ती भिंत. मला बघून गडबडले.

"काय रं? कागूद राहिला का कसला?"

"नाही."

"मंग? सही पायजे?"

"काही नाही, दादा. असाच आलो."

"असाच?"

"असाच. बसायला."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मी खरंच रिकाम्या हातांनी आलोय याची खात्री पटल्यावर उठले आणि आत गेले. आतून पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ खुडबुड चालली. मला वाटलं, हा माणूस रागावला, आता काही बाहेर येत नाही. मी चपला घालायला उठलो.

तेवढ्यात दादा बाहेर आले. अंगात पांढरा सदरा, घड्या तशाच उमटलेल्या, डांबरगोळ्यांचा वास येत असलेला. वरचं बटण काही केल्या लागत नव्हतं. अकरा वर्षांत मी त्यांच्याकडं शेकडो वेळा गेलो होतो, कधी चेंडूसाठी, कधी पोरांना शोधत, कधी जमिनीसाठी. घरात अंगावर सदरा मी पहिल्यांदाच बघत होतो.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"निघतोय कुठं? काम नसताना मानूस येतो त्याला पाव्हना म्हंतात," दादा म्हणाले. "पाव्हन्यासमोर बनियनवर बसत नसतात, सलीम."

मी पुढं होऊन त्यांचं वरचं बटण लावून दिलं.